वराडचे वराडकर

मालवण तालुक्यातलं वराड गाव आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मैत्रिणींनी कशाला ऐकलं असेल! कुठं कोकण, कुठं आपलं जंगल. पण लिओ वराडकरांच्या वडिलांचं हे मूळ गाव. वडील अशोक वराडकर डॉक्टर, आई मिरियम आयर्लंडची, नर्स. लिओ डब्लिनला जन्मले, डॉक्टर झाले, राजकारणात शिरले आणि २०१७ साली थेट आयर्लंडचे पंतप्रधान झाले. २०२४ मध्ये ते पायउतार झाले.

त्यांचा फिन गेल पक्ष तसा जुन्या वळणाचा. २०१० मध्ये तिथल्या संसदेत समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचं विधेयक आलं, तेव्हा वराडकर बोलले, प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघंही मिळण्याचा हक्क आहे. किती आपल्या ओसरीवरचं वाटतं ना? आणि हे बोलणारा माणूस स्वतः समलिंगी! तेव्हा ते जगाला ठाऊक नव्हतं, इतकंच.

१८ जानेवारी २०१५ ला, छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी रेडिओवर ते सांगून टाकलं. तेव्हा ते आरोग्यमंत्री होते. त्याच वर्षी मे महिन्यात तिथं समलिंगी विवाहासाठी जनतेचं मतदान झालं. चर्चचा एवढा पगडा असलेला देश, पण ६२ टक्के लोक 'हो' म्हणाले. वराडकर 'हो'च्या प्रचारात होते.

हवा बदलली तसा गडी बदलला, असं कुणी म्हणेल. असेलही. मला मात्र त्या २०१० च्या वाक्यात धाक दिसतो. आपल्याकडे कुणाची नजर वळू नये म्हणून चारचौघांचंच बोलणं आपणही जरा मोठ्यानं बोलायचं. बायकांना हे काय नवीन आहे?

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२३ मध्ये लग्नाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला. पण कोर्ट दिल्लीला, आणि स्थळं पाहणं घरोघरी. आमच्या भागातल्या एका मावशीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, पोराचं मन पोरीत नाही म्हनते. एकदा लगन करून देलं का सुधरन का नाही?"

"आणि येणाऱ्या पोरीचं काय मावशी?" मी म्हटलं. ती बिचारी आपल्यातच खोट शोधत बसेल. उपास धरेल, गंडेदोरे करेल, पाळणा का हलत नाही म्हणून सासरचं ऐकून घेईल. कारण तिला कुणी सांगणारच नाही.

मग मी तिला वराडकरांची गोष्ट सांगितली. पंतप्रधानपदाचं तिला काही नवल वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, "त्याची माय का म्हने?"

माय काय म्हणाली ते मला कुठून माहीत? पण डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला आले तेव्हा आई-वडील, बहिणी आणि त्यांचा जोडीदार, सगळे संगतीनं होते, हे सांगितलं. मावशी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मुलगी पाहायला जायचं ठरलं होतं म्हणे. धान निघेपर्यंत थांबू, असं तिनं घरी सांगितलंय.