एएन-32: समुद्रात पडलेलं विमान सापडायला साडेसात वर्षं का लागली?

22 जुलै 2016 च्या सकाळी हवाई दलाचं एएन-32 हे मालवाहू विमान चेन्नईजवळच्या तांबरम तळावरून अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरकडे निघालं. विमानात 29 जण होते. त्यात 8 जण विशाखापट्टणमच्या नौदल शस्त्रागारातले नागरी कर्मचारी होते. बंगालच्या उपसागरावर असताना विमान रडारवरून दिसेनासं झालं.

विमान कुठे पडलं असावं, याचा अंदाज पहिल्या दिवसापासून होता. साधारण 23 हजार फुटांवर असलेल्या विमानानं डावीकडे वळण घेतलं आणि ते वेगानं खाली आलं, हे रडारच्या नोंदीत दिसलं होतं. नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलानं तो भाग पिंजून काढला, पाणबुडीही उतरवली. हाती काहीच लागलं नाही. अखेर सप्टेंबरमध्ये 29 जणांना मृत मानण्यात येत असल्याचं हवाई दलानं कुटुंबीयांना कळवलं. अंत्यसंस्कारासाठी पार्थिव नव्हतं आणि विमान सापडल्याची बातमीही नव्हती.

असं काही घडलं की, "मोबाईलसुद्धा जीपीएसवर सापडतो, मग एवढं मोठं विमान का नाही?" हा प्रश्न सोशल मीडियावर हमखास विचारला जातो. पण जीपीएस यंत्र उपग्रहाचे संदेश फक्त घेतं, त्यावरून स्वतःची जागा ओळखतं. ती जागा दुसऱ्याला कळवायला वेगळी यंत्रणा लागते. किनाऱ्यावरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे काहीशे किलोमीटरपलीकडचं दिसत नाही. विमानातल्या आपत्कालीन ट्रान्समीटरचे रेडिओ संदेश खोल पाण्यातून बाहेर येत नाहीत.

पाण्यातून दूरवर जातो तो आवाज. म्हणूनच ब्लॅक बॉक्सला ध्वनिसंकेत देणारं उपकरण जोडतात. जुन्या उपकरणांची बॅटरी महिनाभर चालायची, नव्यांची तीन महिने टिकते. पण तो आवाजही दोन-तीन किलोमीटरवरच नीट ऐकू येतो, आणि इथे समुद्राची खोलीच जवळपास साडेतीन किलोमीटर! बरोबर वर उभ्या असलेल्या जहाजालाही तो ऐकू येईल, याची खात्री नसते.

शोध लागला तो चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेमुळे (एनआयओटी). संस्थेनं खोल समुद्रात माणसाशिवाय चालणारं एक स्वयंचलित यान त्या भागात उतरवलं. सोनारनं, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळ तपासून यानानं फोटो काढले. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे 310 किलोमीटरवर, 3,400 मीटर खोल, विमानाचे तुकडे पडलेले दिसले. तपासणीत ते एएन-32 च्या रचनेशी जुळले. त्या भागात दुसरं कुठलंही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नव्हती. जानेवारी 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयानं हे जाहीर केलं.

मलेशियाच्या एमएच 370 चं प्रकरण याहून अवघड आहे. मार्च 2014 मध्ये 239 जणांसह गायब झालेल्या त्या विमानाबाबत नेमकी जागाच माहीत नव्हती. हिंदी महासागराचा 1 लाख 20 हजार चौरस किलोमीटर तळ तपासूनही 2017 मध्ये शोध थांबवावा लागला. त्याआधी, 2015 मध्ये, त्या विमानाच्या पंखाचा एक भाग वाहत वाहत रियुनियन बेटावर पोहोचला होता, हजारो किलोमीटर दूर.

एएन-32 चे तुकडे मात्र रडारनं दाखवलेल्या भागातच होते. विमान अचानक खाली का आलं, हे त्या फोटोंवरून कळत नाही.