आधी खरवड, मग मलम

शेंदूरजनाघाटच्या बागाईतदाराला ‘कोळशी’ समजावून सांगावी लागत नाही. संत्र्याची पाने व फळे काजळी फासल्यासारखी होतात. परंतु ती काळी बुरशी हा मूळ रोग नव्हे, हे तो जाणतो. काळी माशी पानांचा रस शोषून जो चिकट स्राव टाकते, त्यावर ती बुरशी पोसते. म्हणून तो बंदोबस्त करतो माशीचा. हीच दृष्टी बागेतून गोठ्यात येताना मात्र, का कोण जाणे, दाराबाहेर राहते. गाईचे केस झडले, कातडी जाड झाली, की ‘खरूज’ म्हणून निकाल लागतो आणि गाडीचे जळके ऑईल चोपडले जाते. हे ऑईल विषारी असते आणि जनावर आपले अंग चाटते, एवढे ध्यानी घेतले तरी पुरे.

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातून लंपी राज्यात पसरली आणि अल्पावधीत अकोल्यापर्यंत पोहोचली, तेव्हा याच सवयीचे दुसरे टोक दिसले. अंगावर गाठ उठली की ती लंपीच, असे लोक धरून चालले. वास्तविक कीटकदंशानेही गाठी येतात आणि लंपीसारखाच दिसणारा, पण वेगळ्या विषाणूचा सौम्य रोगही आहे. निर्णय प्रयोगशाळेचा, त्यासाठी गाठीवरची खपली आणि रक्त बर्फात ठेवून पाठवावे लागते. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभरही तग धरतो, म्हणून गळून पडलेल्या खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नयेत, जाळाव्यात वा खोल पुराव्यात.

खरजेची परीक्षा याहून साधी आहे. तिचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. काही त्वचेत बोगदे करून राहतात, काही केसांच्या मुळाशी. म्हणून वरवरचा कोंडा झटकून उपयोग नाही. पशुवैद्यक जखमेच्या मधोमध न खरवडता निरोगी व रोगट कातडीच्या सीमेवर, केस कात्रीने कापून, पात्याला पातळ पॅराफिनचा थेंब लावून खरवडतात. त्वचा गुलाबी होऊन रक्ताचे बारीक टिपूस दिसू लागले म्हणजे पुरेशी खोली गाठली. पांजरपोळातील सेवेकऱ्यांचा जीव येथेच कळवळतो. मुक्या जनावराला आणखी का दुखवायचे? प्रश्न सात्त्विक आहे. परंतु या ओरखड्याची वेदना क्षणभराची. चुकीच्या औषधाने लांबलेली खाज जनावराला रात्रंदिवस भिंतीशी अंग घासायला लावते. शिवाय खाज शमवणारे काही मलम गजकर्णात वा खोल खरजेत रोग उलट वाढवते. एका खरवडीत किडे न सापडल्यास रोग नाही असेही ठरत नाही. तीन-चार ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात.

वासरांच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी गोल चट्टे दिसले तर बहुधा गजकर्ण. येथे चट्ट्याच्या कडेचे केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवतात. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि भलतेच जंतू माजतात. लंपी माणसाला होत नाही, गजकर्ण मात्र होते. तेव्हा वासराला कुरवाळणाऱ्या मुलांच्या हातांकडेही लक्ष असावे, आणि जनावर धरणाऱ्याने हातमोजे घालावेत.

या कामात घरच्या माणसाचा वाटा मोठा असतो. पशुवैद्यक येण्याआधी ती जागा धुऊ नये, हळद-तेल लावू नये; नमुना घेताना ओळखीच्या माणसाने डोके धरून मानेवरून हात फिरवत राहावे, म्हणजे जनावर बिथरत नाही. पूर्वी कोणते औषध दिले, ते किती दिवस, गोठ्यातील आणखी कोणाला खाज आहे, हे सांगायला तोच लागतो. आणि पाकिटावर ‘तांबडी गाय’ असे लिहू नये; एका गोठ्यात तांबड्या तीन असतात. कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, तारीख आणि नमुना शरीराच्या कोणत्या भागावरचा, एवढे लिहावे.