चाळीचा पाया आणि दूरचा कारागीर

यंत्र चालू ठेवायचे की दुरुस्तीसाठी थांबवायचे, हा वाद मी कामगार चळवळीत तीस वर्षे ऐकत आलो. तोच वाद आता लहान दुकानदाराच्या सर्व्हरपाशी येऊन ठेपला आहे.

पूर्वी प्रत्येक कामाला निराळा संगणक लागे. आता एकाच दणकट यंत्रात अनेक आभासी संगणक नांदतात. चाळ एक, बिऱ्हाडे अनेक, असे समजा. खोलीची डागडुजी खोलीपुरतीच असते. पण पाया दुरुस्त करायचा तर सारी बिऱ्हाडे हलवावी लागतात. मोठ्या कंपन्या ती शेजारच्या चाळीत नेतात. लहान धंद्याजवळ दुसरी चाळच नसते. तिथे सगळे काम थांबते. म्हणून मालक म्हणतो, 'पुढच्या महिन्यात पाहू.'

ही चालढकल महाग पडते. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या प्रणालीतील एका दोषावरची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोरांनी हजारो सर्व्हर कुलूपबंद केले. तज्ज्ञांचा संशय त्याच जुन्या भोकावर गेला.

दुरुस्ती करणारा कारागीर दूरगावी बसतो आणि अनेक गिऱ्हाइकांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात बाळगतो. ते जुडगेही सांभाळावे लागते. २ जुलै २०२१ रोजी कासेया कंपनीच्या दूरव्यवस्थापनाच्या साधनातूनच हल्ला झाला. स्वीडनमध्ये कूप या साखळीची सुमारे ८०० दुकाने बंद पडली, कारण गल्लेच चालेनात.

आमच्या ओळखीच्या एका पतपेढीत मध्यरात्री दुरुस्तीसाठी बंद केलेला सर्व्हर पुन्हा उठेना. कारागीर परगावी, आणि खोलीची किल्ली असलेल्या शिपायाचा फोन नंबर कोणीच टिपून ठेवलेला नव्हता. सकाळी खातेदार दारात उभे!

तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात. माहितीची प्रत निराळ्या जागी असावी, आणि ती परत उतरवून पाहिलेली असावी. त्याच डिस्कवरचा 'स्नॅपशॉट' म्हणजे प्रत नव्हे. दूरच्या प्रवेशाला पासवर्डखेरीज दुसरी खूण हवी. मुख्य प्रणाली उठली नाही तरी दुरून पडदा दिसावा, यासाठी सर्व्हरमधील स्वतंत्र नियंत्रणाची सोय चालू असावी. आणि जागेवर किल्ली असलेला एक माणूस जागा असावा.

करार करताना महिन्यातली एक रात्र बंदची ठरवा, आणि त्या जागरणाचा मोबदलाही कागदावर लिहा. फुकटच्या जागरणावर कोणाचाही पाया फार दिवस टिकत नाही.