प्रमाणपत्र-अभ्यासक्रमांची मान्यता

पदवी कोणी द्यावी, हे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या २२ व्या कलमाने ठरविले आहे. केंद्रीय वा राज्य अधिनियमाने स्थापिलेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था यांखेरीज अन्य कोणासही पदवी देता येत नाही. प्रमाणपत्रास मात्र हे संरक्षण नाही. एखादा खाजगी वर्गही ते देऊ शकतो. मग विद्यापीठीय प्रमाणपत्राचे वैशिष्ट्य ते कोणते? त्यामागे असलेली मान्यतेची प्रक्रिया, हेच त्याचे उत्तर होय.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये अभ्यास मंडळ, विद्याशाखा व विद्यापरिषद ही प्राधिकरणे शैक्षणिक बाजू पाहतात. आर्थिक विचार व्यवस्थापन परिषदेकडे असतो. यांपैकी प्रत्येक पायरीचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या विभागाने मोडी लिपीच्या प्रमाणपत्र-अभ्यासक्रमाचा प्रस्ताव मांडला, असे समजू. अभ्यास मंडळाने पाहावयाचे ते विषयाचे अंतरंग. व्याख्यानाच्या एका श्रेयांकास १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकास ३० तास लागतात. म्हणजे प्रत्येकी २ श्रेयांक धरल्यास अध्यापनाचे ९० तास होतात. एवढ्या अवधीत विद्यार्थी न पाहिलेला दस्तऐवज वाचू शकेल काय, आणि परीक्षेत तसा दस्तऐवज ठेवला आहे काय, हा खरा प्रश्न होय. अन्य विषयांशी मेळ विद्याशाखेने पाहावा, दर्जाचा अंतिम निर्णय विद्यापरिषदेने करावा.

पदवी-अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्यास मिळणारे प्रमाणपत्र याहून भिन्न आहे. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार त्यासाठी ४० श्रेयांक व उन्हाळी सुट्टीतील ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम आवश्यक आहे. ते पदवीच्या रचनेतूनच निघते. स्वतंत्र प्रमाणपत्रास असा आधार नसल्याने त्याची छाननी अधिकच काटेकोर हवी.

ही छाननी म्हणजे निव्वळ कार्यालयीन सोपस्कार नव्हे. मोडीचे प्रमाणपत्र मिळविलेल्या व्यक्तीपुढे उद्या कोणी आपल्या आजोबांचे खरेदीखत घेऊन येईल. त्यातील एक आकडा चुकीचा वाचला गेला, तर जमिनीच्या वादास नवे कारण मिळते. खरेदीखत आणणाऱ्याला अभ्यासक्रमाची परीक्षा घेता येत नाही. तो विद्यापीठाच्या शिक्क्यावर विसंबतो. मंडळाच्या बैठकीत प्रस्ताव न वाचताच संमत झाला असेल, तर त्या शिक्क्याचे मोल खाजगी वर्गाच्या शिक्क्याहून अधिक राहत नाही.