सहा सेकंदांत नाशिक जिल्हा

२०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ भरली. तान्ह्या बाळाच्या मेंदूत चेतापेशींच्या तेवढ्या नव्या जोडण्या व्हायला साधारण सहा सेकंद लागतात.

हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राचा अंदाज असा, की आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून जास्त जोडण्या तयार होतात. म्हणजे सव्वाअकरा कोटींचा अख्खा महाराष्ट्र दोन मिनिटांच्या आत. हाच वेग चोवीस तास धरला तर आकडा ८,६४० कोटींवर जातो. मोठ्या माणसाच्या मेंदूत एकूण चेतापेशीच सुमारे ८,६०० कोटी असतात. पाळण्यातलं पोर नुसतं टकमक बघत पडलंय असं आपल्याला वाटतं, तेव्हा आत हा उद्योग चाललेला असतो.

त्याला इंधनही तसंच लागतं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, पाचव्या वर्षाच्या आसपास शरीराला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेतली ४३ टक्के ऊर्जा एकटा मेंदू खातो. या वयात पोषण आणि शिक्षण ही दोन वेगळी खाती मानणं म्हणूनच चुकीचं ठरतं.

मात्र झालेल्या सगळ्या जोडण्या टिकत नाहीत. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको; एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्याशिवाय बाग धरत नाही. मेंदूतही छाटणी होते, फक्त तिथे कात्री वापराच्या हातात असते. जी वाट रोज वापरली जाते ती पक्की होते, जी पडून राहते ती जाते. बाळाने हुंकार दिला आणि कुणी उलट बोललं, ठोकळा पुढे केला आणि कुणी घेतला, की वाट पक्की झाली. म्हणजे या सगळ्या कोटींच्या हिशेबात अडतं ते एकाच गोष्टीपाशी: मोठ्या माणसाची मिनिटं.

अशी मिनिटं किती लागतात? याचं सर्वांत चकित करणारं उत्तर जमैकातून आलं. १९८६-८७मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ बालकं निवडली गेली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जात. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन त्या आईला बाळाशी खेळायचं कसं ते दाखवत. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी तपासलं तेव्हा, ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. दोन वर्षांतल्या १०४ आठवड्यांचे १०४ तास सलग मांडले तर भरतात चार दिवस आणि आठ तास.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ साली सुरू झालेला पेरी बालशाळेचा प्रयोगही असाच गाजला. १२३ मुलं, त्यांतली ५८ बालशाळेत, ६५ बाहेर. ती चाळिशीला पोचेपर्यंत अभ्यासकांनी पाठ सोडली नाही. गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे मुलांना आणि समाजाला मिळून सोळा डॉलर परत आले, असा त्यांनी हिशेब मांडला. त्यातला मोठा वाटा गुन्हे कमी झाल्यामुळे वाचलेल्या पैशांचा होता.

इथे एक पथ्य पाळायला हवं. १२९ काय किंवा १२३ काय, हे आकडे एखाद्या शाळेच्या एका इयत्तेचे आहेत. पसारा वाढला की परिणाम पातळ होतो. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांची चाचणी २,९९० मुलांवर झाली. २०२२मध्ये निकाल आला तेव्हा, सहावीत पोचलेली बालवर्गातली मुलं बालवर्ग न मिळालेल्यांपेक्षा मागे होती. वर्ग भरवला म्हणजे मिनिटं मिळाली, असं होत नाही.

आपल्याकडे पसारा किती आहे? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. या कल्पनेचं एक मूळ नाशिककरांना जवळचंच. त्र्यंबकचा घाट उतरून मोखाडा-जव्हारमार्गे डहाणूकडे गेलं, की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाड लागतं. १९४५ला शेजारच्या बोर्डीत त्यांनी काम मांडलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने पाड्यावर जावं, झाडाखाली किंवा अंगणात बसावं, आणि शिंपले, बिया, पानं हीच साधनं मानावीत, हा त्यांचा शिरस्ता. किंग्स्टनच्या सेविका टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन निघाल्या, त्याच्या चाळीस वर्षं आधीची ही गोष्ट.

ते अंगण आता लाखोंनी झालं, पण प्रत्येक ठिकाणी सेविका एकच. तिच्या डोक्यावर सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण. मदतनीस असते, पण तिचा वेळ स्वयंपाक आणि साफसफाईत जातो. वजनं, नोंदी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर आणि गृहभेटी उरकून शिकवायला किती वेळ उरणार?

तमिळनाडूत नेमकं इथेच बोट ठेवलं गेलं. ३२० अंगणवाड्यांच्या चाचणीत निम्म्या केंद्रांना अर्धवेळ काम करणारी, फक्त बालशिक्षण बघणारी एक जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. अठरा महिन्यांत मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही सुधारलं. शिवाय मूळ सेविकेला उसंत मिळाल्याने कुपोषणही घटलं. अभ्यासकांच्या अंदाजाने फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट.

आता हेच गणित नाशिक जिल्ह्याला लावून पाहू. २०११मध्ये राज्याच्या लोकसंख्येत शून्य ते सहा वयोगटातली मुलं सुमारे १२ टक्के होती. त्या प्रमाणात जिल्ह्यात सात लाखांहून जास्त येतात. त्यांतली तीन ते सहा वयाची निम्मी धरली तर ३ लाख ६० हजार. सुरगाण्याच्या पाड्यापासून मालेगावच्या यंत्रमागांच्या गल्लीपर्यंत यांतल्या प्रत्येकाला रोज एक मिनिट, फक्त त्याच्यासाठीचं, जास्तीचं द्यायचं ठरवलं तर मोठ्या माणसांचे दररोज ६,००० तास लागतील. चार तासांच्या कामाने १,५०० माणसं.

त्यांना सेविकेचंच मानधन द्या. राज्य सरकारने २०२४मध्ये ते महिना १३,००० रुपयांवर नेलं. वर्षाचा खर्च २३ कोटी ४० लाख. ऐकायला मोठा वाटतो, पण मुलांवर वाटला तर दरडोई वर्षाला साडेसहाशे रुपये. अंगणवाडीत आहार वर्षाचे ३०० दिवस द्यायचा असतो. तेवढेच दिवस धरले तर दिवसाला दोन रुपये आणि काही पैसे. त्याच मुलाच्या त्या दिवसाच्या आहाराचा, केंद्राने २०१७मध्ये ठरवलेला दर आहे आठ रुपये.

आठ रुपयांच्या खाण्याला दोन रुपयांच्या बोलण्याची जोड, एवढीच ही मागणी. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात आहाराला रकाना आहे, इमारतीला आहे, वजनकाट्यालाही आहे. त्यांच्या शेजारी मिनिटांचाही एक रकाना असावा. मेंदूचं काम सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने चालू आहे. ते पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबणार नाही.