आधी बाळाच्या कानात

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन क्रियांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिली क्रिया बारशाच्या दिवशी आत्या करते. दुसरी, संधी मिळाली तर, सारे गणगोत बारशाच्या पुष्कळ आधीपासून करू लागते. ही संधी नातेवाइकांना द्यावी की नाही, असा प्रश्न आज अनेक तरुण दांपत्यांपुढे उभा असतो. घरात पाळणा हलणार अशी वार्ता कळली की प्रकृतीची चौकशी होते, कितवा महिना ते विचारले जाते आणि लगेच प्रश्न येतो : “मग नाव काय ठरवलंत?” “ठरवलंय, पण बारशाला सांगू,” असे उत्तर देणाऱ्या जोडप्याला आपल्याकडे शिष्ट समजतात, क्वचित उद्धटही. माझ्या मते असे जोडपे योग्य तेच करीत असते. मात्र हे मत बनायला मला तीस वर्षे लागली.

आमच्या पहिल्या अपत्याच्या वेळची गोष्ट. मुलगी झाली तर काय नाव ठेवायचे हे माझ्या पत्नीने विद्यार्थिदशेतच मनाशी योजून ठेवले होते. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव मीच लिहिले होते. तिला ते आवडले की नाही, हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती आणि मलाही ते सुचले नाही. स्वतःचे नाव असे गेलेल्या त्या बाईने मुलीसाठी एक नाव जपले होते. ते तिने मला विश्वासाने सांगितले आणि मी डोहाळजेवणाच्या दिवशी, पेढा-बर्फीच्या वाट्यांभोवती जमलेल्या बायकांच्या आग्रहाला बळी पडून, उत्साहाच्या भरात ते सर्वांसमोर उच्चारले. एक बाई म्हणाल्या, त्या नावाची एक मुलगी आमच्या शेजारी होती, तिचा संसार काही टिकला नाही. दुसऱ्या म्हणाल्या, शाळेत मुले चिडवतील. माझ्या बहिणीने आत्या या नात्याने स्वतः एक नाव योजले होते. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. कुणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. तरीही संध्याकाळपर्यंत ते नाव घरातून नाहीसे झाले होते. मुलीला दुसरे नाव मिळाले. ते चांगले आहे आणि त्याच नावाने ती मोठी झाली. पण पत्नीने ते पहिले नाव पुढे कधीही उच्चारले नाही. मीही ते येथे लिहीत नाही.

असे का व्हावे? जन्माआधीचे नाव हा नुसता शब्द असतो आणि शब्दावर मत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे असे प्रत्येकाला वाटते. तो जुना वाटतो, नवा वाटतो, उच्चारायला अवघड वाटतो, कुणा नावडत्या शेजारणीची आठवण करून देतो. मूल जन्मल्यावर तोच शब्द एका चेहऱ्याला चिकटतो. पाळण्यातले मूल मूठ चोखत आपल्याकडे पाहत असताना “हे नाव काही बरे नाही” असे म्हणायला फार निबर मन लागते. नाव तेच, माणसेही तीच. केवळ बाळ तेथे असल्याने टीकेची जागा कौतुक घेते. म्हणून काही महिन्यांचे मौन हे आईबाप आणि नातेवाईक दोघांच्याही हिताचे असते. न उच्चारलेल्या नावावर कुणाला कटू बोलावे लागत नाही आणि बोललेले कुणाला विसरावे लागत नाही.

“आपल्यात असे चोरून ठेवण्याची पद्धत नव्हती,” असे वडीलधारी माणसे म्हणतात. वस्तुतः परंपरेची साक्ष याच्या उलट आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात नामकरणाच्या प्रकरणात व्यवहारातल्या नावाखेरीज आणखी एक नाव सांगितले आहे. वडीलधाऱ्यांना अभिवादन करताना घ्यावयाचे हे नाव उपनयन होईपर्यंत केवळ आईवडिलांना ठाऊक असावे, असा स्पष्ट निर्देश तेथे आहे. पत्रिकेवर श्रद्धा असणाऱ्यांनी तर नावाची घाई करूच नये. अवकहडा चक्राप्रमाणे नावाचे आद्याक्षर जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघते आणि जन्मवेळेवाचून तो चरण कळणार कसा? सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी काय लिहून जाते तेही कुणाला वाचता येत नाही, तरी त्याबद्दल सटवाईला कुणी शिष्ट म्हणत नाही.

याहून बोलका पुरावा बारशातच आहे. देवाची नावे घेत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून दिले-घेतले जाते, आत्या वाकून त्याच्या कानाशी ‘कुर्र’ करते, तिच्या पाठीत धपाटे बसतात आणि मग नाव जाहीर होते. ते सर्वांना कळते, परंतु आधी बाळाच्या कानात पडते. ज्याचे नाव त्याला ते सर्वांच्या आधी कळावे, एवढी साधी आणि सुंदर कल्पना या विधीत आहे. डोहाळजेवणालाच गावभर झालेले नाव बाराव्या दिवशी कानात सांगायचे, तर त्या ‘कुर्र’ला काय अर्थ उरला?

नातेवाइकांच्या कुतूहलाचे मूळ मात्र समजून घेतले पाहिजे. नाव ठरविणे हे काम पूर्वी आईबापांचे नव्हतेच, ते घराण्याचे होते. नातवाला आजोबाचे नाव ठेवायचे हा प्रघात होता आणि सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही हाही प्रघातच. मग आईने पोटच्या मुलाला हाक कशी मारायची? त्यातून घरोघर बाळ, आबा, नाना, भाऊ अशी टोपणनावे आली. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव, परंतु इतिहासाने लक्षात ठेवले ते घरातले ‘बाळ’. “तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात,” असे म्हणणाऱ्या काकांना म्हणूनच वाटते की, पुढच्या पिढीच्या नावावरही आपला थोडा हक्क आहे. एकत्र कुटुंबे मोडली, माणसे दूर गेली आणि अशा मोजक्या प्रश्नांतच वडिलकीचा अवशेष उरला. त्या प्रश्नात माया असते, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु नुसती मायाच असते असेही नाही. नाव काय ठरवले या प्रश्नाच्या आड पुष्कळदा दुसराच प्रश्न दडलेला असतो : मुलगा की मुलगी? गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. आपल्याकडे जोडप्याला नावे निवडावी लागतात ती दोन. त्यातले मुलाचे नाव विचारणारे अनेक भेटतात. मुलीचे विचारणारे किती भेटतात, हे वाचकांनी स्वतः आठवून पाहावे. आणि आप्तांच्या निराशेलाच नाव म्हणून मुलीच्या माथी मारण्याचा दाखला फार जुना नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे असलेल्या २८० हून अधिक मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. इतकी वर्षे शाळेच्या हजेरीपटावर त्या मुली कुणा मोठ्या माणसाच्या अपेक्षाभंगाला रोज “हजर” म्हणत होत्या. नाव कुणी आणि कोणत्या मनाने ठेवायचे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे, हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगायला हवी. प्रत्येक गर्भारपण सुखरूप पार पडतेच असे नाही. बाळासाठी नवे कपडे आधी आणू नयेत, असे आपल्या आज्या सांगत, त्यामागे हे भय होते. अशा वेळी नाव दोघांपुरतेच असेल तर ते दुःखही त्यांना हवे तसे जपता येते. ते षट्कर्णी झालेले असेल तर कुणा तरी अजाणत्या माणसाच्या तोंडून, भर समारंभात, ते पुन्हा कानी पडते.

मौन पाळायचे तर ते नीट पाळले पाहिजे. पतिपत्नींचे उत्तर एक असावे. तो माहेरी एक सांगतो आणि ती सासरी दुसरे, असे झाले की बिघडते. एका बाजूच्या आजीला सांगायचे आणि दुसरीपासून लपवायचे, हा तर सर्वांत वाईट मार्ग. गुपितापेक्षा अर्धे गुपित अधिक दुखवते. हल्ली मोबाइलवरच्या कुटुंबाच्या गटात एक शब्द पडला की पुण्याचे गुपित नागपूरमार्गे न्यू जर्सीला पोचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. उलट, वडीलधाऱ्यांना नावे सुचवायला आवर्जून सांगावे. आजोबांनी वहीत वीस नावे लिहून द्यावीत, आत्यानेही द्यावीत, ती प्रेमाने वाचावीत. निवड मात्र सांगू नये. सुचविण्याचा मान सर्वांना, ठरविण्याचा दोघांना, एवढी वाटणी न्याय्य आहे. सरकारलाही घाई नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाविना जन्म नोंदवून नाव मागाहून भरण्याची सोय आहे. जे निबंधकाला चालते ते मावशीला का चालू नये?

आमच्या त्या मुलीलाच आता सातवा महिना आहे. मागच्या रविवारी मी तिला विचारले, “नाव काय ठरवलंस?” ती म्हणाली, “बाबा, बारशाला कळेल की.” मला लागले, हे कबूल करतो. मी पत्नीकडे पाहिले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती एवढेच म्हणाली, “बरोबर आहे तिचं.”

ते तीन शब्द मुलीसाठी होते तसे माझ्यासाठीही होते. बारशाला मी मागच्या रांगेत उभा राहीन. नाव आधी बाळाला कळेल, मग मला.