गडगडणारे आभाळ : बोलीतील शब्द आणि पाली परंपरा

रोहिणी नक्षत्र सरू लागले की धाराशिव जिल्ह्यात दुपार कलल्यावर आभाळ भरून येते. ढग बालाघाटच्या रांगेपलीकडे असले तर आपण म्हणतो, 'गडगडते आहे'. तेच डोक्यावर आले की 'कडकडते आहे'. हा भेद निराधार नव्हे. विजेचा मार्ग काही किलोमीटर लांबीचा असतो. त्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला ध्वनी दूरच्या माणसापर्यंत मागेपुढे पोहोचतो, म्हणून तो घरंगळत आल्यासारखा वाटतो. जवळच्या माणसाला एकच कोरडा आघात ऐकू येतो. कानाने टिपलेले हे दोन्ही शब्द पुढे बाजारातही शिरले. सोयाबीनची आवक वाढली की भाव 'गडगडतात', भाजीपाल्याची टंचाई झाली की 'कडाडतात'. एक आवाज उताराकडे गेला, दुसरा चढाकडे.

'गडगडणे' हा शब्द गावंढळ मानणाऱ्यांनी दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्त अवश्य पाहावे. भगवान बुद्ध पुक्कुस मल्लपुत्ताला आतुमा येथील एक प्रसंग सांगतात. त्यातील मेघगर्जनेसाठी योजलेले क्रियापद 'गळगळायति' हे आहे. पालीत दोन स्वरांमधील 'ड' चा 'ळ' होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे गळगळ आणि गडगड यांत फारसे अंतर उरत नाही. अनुकरणवाचक शब्दांची वंशावळ काटेकोर मांडता येत नाही, हे खरे. तथापि आपल्या शिवारातील शब्दाचा सखा त्रिपिटकात बसला आहे, एवढे निश्चित. तेथे 'देव' गडगडतो असे म्हटले आहे, त्याने मात्र दचकू नये. पालीत 'देवो वस्सति' म्हणजे 'पाऊस पडतो'. देव म्हणजे येथे वर्षणारे आकाश.

प्रसंग असा की, भगवान एका भुसाच्या कोठारात थांबले असता मोठी वृष्टी झाली, वीज कोसळली आणि जवळच दोन शेतकरी भाऊ व चार बैल मृत्यू पावले. भगवान जागे होते, सचेत होते; तरीही त्यांच्या शांत चित्तापर्यंत तो कल्लोळ पोहोचला नाही. मृतांचे कोणते पाप होते, कोणाचा कोप झाला, याविषयी त्या कथनात अवाक्षरही नाही. मराठवाड्यात आजही मान्सूनपूर्व पावसात शेतकरी आणि बैल असेच मरतात. आपली भाषा मात्र तेथे कोप शोधते. 'वीज पडो तुझ्यावर' ही शिवी आहे. 'पायाळू' हा शब्द तर त्याहून घातक! पायाकडून जन्मलेल्यावर वीज पडते, हा समज त्या शब्दाला चिकटलेला आहे. विजेला जन्माची रीत कळत नाही. मोकळ्या रानातील उंच वस्तू तिला जवळची असते. म्हणून झाडाखालचा आसरा सर्वांनाच सारखा धोक्याचा, पायाळूला आणि इतरांनाही. वीज पडलेल्याच्या अंगात ती साठून राहत नाही. त्याला तत्काळ हात लावून श्वास व हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करता येतो. शिवण्याच्या भीतीने माणसे दूर उभी राहिली तर तो वेळ हातचा जातो.

'वीज' हा शब्द संस्कृत 'विद्युत्', पाली 'विज्जु' या वाटेने आला. पालीतील 'विज्जा' म्हणजे विद्या. तिचा धातू निराळा, 'विद्' म्हणजे जाणणे. ध्वनिसाम्यावरून दोहोंचे नाते जोडू नये. परंतु अर्थाच्या अंगाने तथागतांनी त्यांची भेट घडवून आणली आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात विजेसारख्या चित्ताची उपमा येते : अंधाऱ्या रात्री वीज चमकली असता डोळस माणसाला क्षणभर रूपे दिसावीत, तसे ज्याला चार आर्यसत्ये दिसतात, तो 'विज्जूपमचित्त'. त्याच्यापुढचा 'वजिरूपमचित्त'. वैदिकांच्या इंद्राचे शस्त्र असलेले वज्र येथे काहीही छेदू शकणारा हिरा होऊन येते आणि आस्रवांचा क्षय केलेल्या चित्ताची खूण ठरते.

आता 'गाजणे'. संस्कृत 'गर्जति', पाली 'गज्जति', मराठी 'गाजणे'. समुद्राची गाज त्यातलीच. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेला आपण 'गाजलेली' म्हणतो, तेव्हा मेघाचीच क्रिया माणसांच्या सभेला लावत असतो.

गर्जनेविषयी आपल्याकडे एक म्हण आहे : गरजेल तो पडेल काय आणि बोलेल तो करेल काय. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातील वलाहक सुत्ताशी तिचे साम्य विलक्षण आहे. वलाहक म्हणजे मेघ. तेथेही गर्जणे म्हणजे बोलणे आणि बरसणे म्हणजे करणे. पण म्हण एकाच मेघावर थांबते आणि बोलणाऱ्यावर सरसकट अविश्वास दाखवते; सुत्तात मेघ चार आहेत. गर्जून न बरसणारा, न गर्जता बरसणारा, दोन्ही न करणारा आणि गर्जून बरसणारा. चौथा 'भासिता' आहे आणि 'कत्ता'ही आहे. म्हणीने नेमका हाच मेघ गाळला! १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी गर्जना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात पाऊस पडला. मध्ये एकवीस वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात ही म्हण ऐकवणारे थोडे नसावेत.

वलाहक सुत्ताला लागूनच आणखी एक सुत्त आहे. त्यात हेच चार मेघ धम्माच्या अभ्यासकांना लावले आहेत. ज्याला सुत्त, गेय्य, गाथा मुखोद्गत आहेत, पण हे दुःख, हा त्याचा उगम, हा निरोध आणि हा मार्ग, हे जो यथार्थ जाणत नाही, तो तेथे गर्जून न बरसणाऱ्या मेघात मोजला आहे.